पेनिमन कंपनीचा मुकादम

लूशियस पेनिमनचा पहिला पूल बघायला अख्खं मिलर्सफर्ड गाव ओढ्याकाठी लोटलं होतं. तोवर त्या भागात पूल म्हणजे लाकडी, वर छप्पर घातलेले. लोखंडाच्या कमानीवरून गाड्या जातील, ही बहुतेकांना थट्टाच वाटत होती. पेनिमननं गावातले बैल मागून आणले, दगडांनी भरलेल्या गाड्यांना जुंपले आणि एकामागे एक पुलावर उभे केले. टोबियास गिंगरिच त्या वेळी पुलाखाली कमरेइतक्या पाण्यात उभा होता.

"मोडला तर आधी माझ्या टाळक्यात पडेल," असं त्यानं सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं. वय विशी-बाविशीचं, अंगात मस्ती.

पूल कुरकुरला, किंचित दबला आणि तसाच राहिला. लोकांनी टोप्या उडवल्या. काठावर टोबियासचा थोरला भाऊ इलायस हाताची घडी घालून उभा होता. तो ओरडला, "काय रे, डोकं जागेवर आहे ना?"

"आहे की!"

"मग बाबांना सांगतो, लोखंड पक्कं निघालं. पोरगं मात्र अजून कच्चंच आहे."

लोक हसले. टोबियासही भिजल्या अंगानं हसत वर आला.

पेनिमन आधी वीज पडू नये म्हणून घरांवर बसवायच्या सळ्या विकत गावोगाव हिंडायचा. त्याच्या जिभेवर साखर होती. टोबियास लोहाराकडे उमेदवारी करत होता. दोघांनी मिळून लोहारशाळेमागच्या पडवीत कमानी जोडायला सुरुवात केली. भट्टी एक, ऐरण एक, आणि जेवायला एकाच डब्यातला पाव आणि डुकराच्या चरबीत तळलेले बटाटे. तेव्हा दोघांत अरे-तुरे होतं. पुढे पडवीची शेड झाली, शेडचा कारखाना झाला, रेल्वेचा फाटा थेट आवारात आला. या सगळ्यात टोबियासच्या तोंडी 'अरे लूशियस'चं 'मालक' कधी झालं, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. पेनिमन मात्र त्याला शेवटपर्यंत 'टोबी'च म्हणत राहिला.

टोबियासचे वडील योस्ट गिंगरिच यांना मुलानं कारखान्यात जाणं मुळीच पसंत नव्हतं. गिंगरिच मंडळी मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाची, साधे काळे कपडे घालणारी, शेती करून राहणारी. शपथ घेणं त्यांच्यात पाप मानत. माणसाचं 'हो' म्हणजे हो आणि 'नाही' म्हणजे नाही, त्याला वर देवाची साक्ष कशाला, असं त्यांचं म्हणणं. सगळी काउंटी, म्हणजे अख्खा जिल्हा, त्यांच्या शब्दावर आंधळा विश्वास टाकायची. बाजारात मेनोनाइट माणसानं सांगितलेलं घोड्याचं वय कुणी दात उघडून तपासत नसे.

"जगाच्या नादी लागलास," योस्ट म्हणाले. "पण जीभ तेवढी घरचीच ठेव."

टोबियासनं ती ठेवली, पुष्कळ वर्षं ठेवली. त्याच्याबद्दल हे आधीच सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

कंपनी वाढली तशी पूल उभारणाऱ्या टोळीचा तो मुकादम झाला. परांची बांधायची, आगगाडीनं आलेले तुकडे जोडायचे, ते सांधणारे लोखंडी खिळे, रिव्हेट, ठोकायचे आणि पुढच्या नदीवर जायचं. ओहायो, इंडियाना, पार मिसूरीपर्यंत. पेनिमनचे दलाल उंच टोप्या घालून पुढे फिरायचे. पूल कुठं हवा ते काउंटीचे कमिशनर ठरवत. दलाल त्यांना चिरूट देत, व्हिस्की पाजत, बायकांना शाली पाठवत. सही झाली की टोबियासची टोळी जायची. मग प्रत्येक गावात एकेक पूल कंपनी निघाली. जो तो दुसऱ्यापेक्षा स्वस्तात पूल देऊ लागला. भाव उतरले तसं लोखंडही पातळ होत गेलं. कारखान्यात सगळ्यांना ते दिसत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. पूल पडत नव्हते ना! घोडागाड्या, गायीगुरं, दुधाचे कॅन, एवढंच तर त्यावरून जायचं.

सॉल्ट क्रीकवरचा दोन गाळ्यांचा पूल टोबियासनं स्वतः उभा केला. गिंगरिचांच्या शेतापासून तो हाकेच्या अंतरावर होता. खालच्या आडव्या तुळ्या आल्या तेव्हा त्याला त्या हलक्या वाटल्या. दुसऱ्या कुठल्यातरी कमी भाराच्या पुलासाठी कापलेल्या होत्या. तो कारखान्यात गेला.

"मालक, तुळ्या चुकून आल्यात. या त्या पुलाच्या नव्हेत."

पेनिमन जेवत होता. "लांबीला बसतात का?"

"बसतात तशा."

"मग बसव. खालून कोण बघणार आहे, मासे?"

टोबियास हसला आणि त्यानं त्या बसवल्या. मनात काही टोचलं असेल तर ते त्यानं फार वेळ टोचू दिलं नाही. त्या दिवसांत सगळ्याच पुलांचं तसं चाललं होतं.

इलायसनं दोनेक वर्षांनी वाफेवरचं मळणीयंत्र घेतलं. शेतोशेती फिरून लोकांचा गहू मळून द्यायचा. योस्टनी आधी नाक मुरडलं, पण मळणीचा धंदा जोरात चालला. इलायसची बायको सलोमी तोंडानं फटकळ आणि कामाला वाघ. टोबियास सुटीवर आला की ती म्हणायची, "या भावजी, लोखंड खाऊन पोट भरलं असेल, आता थोडं अन्न खा," आणि ताटात शेवयांचा ढीग घालायची. तिची धाकटी बहीण बार्बरा हिच्याशी टोबियासचं जमल्यासारखं होतं. बोलणी व्हायची तेवढी बाकी होती.

ऑगस्ट महिन्यात इलायस इंजिन घेऊन सॉल्ट क्रीक ओलांडत होता. मागे मळणीयंत्र, त्यामागे पाण्याची गाडी, ती हाकायला म्हातारा गॉटलीब क्रूगर. पहिला गाळा कसाबसा टिकला. दुसऱ्यावर इंजिन मध्यावर आलं आणि तुळ्या एकापाठोपाठ एक मोडल्या. बॉयलर फुटला. इलायस लोखंडाखाली सापडला, गॉटलीब पाण्यात बुडाला. शेतातली माणसं धावत आली तेव्हा वाफेनं काही दिसत नव्हतं, नुसता आवाज येत होता. मग तोही थांबला.

टोबियासला शेजारच्या काउंटीतून बोलावून घेतलं. भावाला बाहेर काढायला त्याच्याच टोळीची कप्पी आणि दोर लागले. दुसऱ्या दिवशी सगळा गाव योस्टच्या घरी प्रेताजवळ जमला होता. टोबियासनं टोळीतल्या माणसांना जेवायला पाठवलं आणि एकटाच पुलापाशी बसून राहिला. भर दुपारची वेळ. तेवढ्यात पेनिमनची बग्गी आली.

पेनिमन उतरला. टोपी काढून त्यानं टोबियासच्या खांद्यावर हात ठेवला. "टोबी, मला शब्द सुचत नाहीत."

टोबियास पाण्यातल्या मोडक्या तुळ्यांकडे बघत राहिला.

"चौकशी होणार. पंच येतील, वर्तमानपत्रवाले येतील." पेनिमननं घसा साफ केला. "पूल का पडला, विचारतील."

"तुम्हाला माहीत आहे का पडला ते."

"मला माहीत आहे, तुला माहीत आहे. पण त्यांना काय दिसणार? पूल कुणी उभा केला? तू. तुळ्या कुणी बसवल्या? तू. वजन जास्त झालं म्हणून पडला नसेल, तर मग काम कच्चं होतं म्हणून पडला. काम कुणाचं, टोबी?"

टोबियासनं मान वर केली. पेनिमनचे डोळे खरोखरच पाणावलेले होते. तीच त्या माणसाची करामत होती, त्याला रडूही खरं यायचं.

"तुझ्या बापाला काय सांगशील? थोरल्याला धाकट्यानं मारलं म्हणून? आणि मी बुडालो तर कारखान्यातली तेवढी घरं बुडतील. इलायस तर काही परत यायचा नाही. सलोमीचं मी बघेन. माझा शब्द."

बग्गीत पोत्याखाली एक फळी होती. दुसऱ्या कुठल्यातरी पुलावरून काढून आणलेली, उन्हापावसानं करडी पडलेली. तिच्यावर लिहिलं होतं, की या पुलावरून घोडी सावकाश चालवत न्यावीत, वाफेचं इंजिन नेण्यास मनाई आहे, नियम मोडल्यास दंड होईल.

सॉल्ट क्रीकवर अशी फळी कधीच नव्हती.

पेनिमन बग्गीत जाऊन बसला आणि त्यानं नदीकडे तोंड केलं. टोबियासनं पाना घेतला. उभ्या राहिलेल्या गाळ्याच्या पुढच्या खांबाला, इलायस जिकडून पुलावर चढला होता त्याच बाजूला, त्यानं ती फळी बोल्टनं जखडली. बोल्ट नवे दिसत होते म्हणून त्यांना चिखल फासला. हे मात्र त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ते त्याचं त्यालाच सुचलं.

चौकशी शाळेच्या खोलीत झाली. शेजाऱ्यापाजाऱ्यांपैकी काहींना फळी पाहिल्यासारखं वाटत होतं, काहींना नाही. रोज जातायेता दिसणाऱ्या पुलाकडे कोण निरखून बघतं? मग सलोमी उभी राहिली. काळी टोपी, काळा झगा, आवाज खणखणीत.

"रविवारी आम्ही घरची सगळी त्याच पुलावरून प्रार्थनाघराला गेलो. फळीबिळी काही नव्हती. माझा नवरा वाचता येणारा माणूस होता. फळी असती तर त्यानं वळसा घेतला असता."

चौकशी चालवणारा कॉरोनर म्हणजे गावचाच डॉक्टर. सौम्य माणूस होता. "बाई, तुमचं दुःख आम्ही समजतो," असं म्हणून त्यानं तिला खाली बसवलं आणि मुकादमाला बोलावलं. बायबल पुढे केलं. टोबियासनं सवयीनं मान हलवली.

"आम्ही शपथ घेत नाही."

"माहीत आहे," कॉरोनर म्हणाला. "तुमच्या लोकांचा नुसता शब्द आम्हाला पुरे." पंचांनीही माना डोलावल्या. "फळी होती?"

खोलीच्या मागून सलोमी म्हणाली, "भावजी, इकडे बघा. माझ्याकडे बघून सांगा."

टोबियासनं तिच्याकडे पाहिलं. तिच्या शेजारी बार्बरा होती, पुढच्या बाकावर योस्ट होते.

"होती, वहिनी. मीच बसवली होती."

पंचांना आणखी काही विचारायचं नव्हतं. सख्खा भाऊ, त्यात मेनोनाइट, तो मेलेल्या भावाविरुद्ध खोटं कशाला बोलेल? निकाल लागला, की इलायस गिंगरिच यानं मनाई असताना घाईपायी इंजिन पुलावर घातलं, स्वतः मेला आणि गॉटलीब क्रूगरलाही घेऊन गेला.

पुढचं सगळं एकट्या सलोमीच्या अंगावर आलं. गॉटलीबचा मुलगा हर्मन यानं तिच्या फाटकात उभं राहून शिव्या दिल्या. पुढच्या रविवारी धर्मोपदेशकानं हव्यासावर प्रवचन केलं. नाव घेतलं नाही, पण सगळी माणसं मान वळवून तिच्याकडे बघत होती. योस्ट सुनेला म्हणाले, "नवरा गेला त्याचं मला दुःख आहे. पण भर सभेत खोटं बोललीस, ते कशासाठी?"

"मामंजी, खोटं मी नाही बोलले."

"मग टोबी बोलला म्हणतेस? माझा मुलगा?"

"इलायस कुणाचा होता?"

यावर ते उठून गोठ्यात निघून गेले. हिवाळा लागायच्या आत सलोमी दोन्ही मुलींना घेऊन त्या घरातून बाहेर पडली. काउंटीच्या मुख्य गावी एका खानावळीत भांडी घासायला लागली. पेनिमननं शब्द पाळला म्हणायचा तर एवढाच, की नाताळला कंपनीतर्फे मीठ लावलेली डुकराची एक तंगडी तिला पोचती झाली. तिनं ती मालकिणीच्या कुत्र्यापुढे टाकली. बार्बरानं टोबियासला काही विचारलं नाही, की भांडली नाही. पुढच्याच वसंतात ती इंडियानातल्या एका विधुराशी लग्न करून निघून गेली.

पडलेल्या गाळ्याच्या जागी नवा गाळा घालायचं काम काउंटीनं पेनिमन कंपनीलाच दिलं.

टोबियासची बढती झाली. सगळ्या टोळ्यांवरचा मुख्य झाला, कारखान्यासमोर राहायला घर मिळालं. लग्न केलं नाही. काम मात्र तो झपाटल्यासारखा करू लागला, प्रत्येक तुळई स्वतः ठोकून बघायचा, जरा शंका आली की परत पाठवायचा. हाताखालचे लोक वैतागायचे. "म्हाताऱ्याला कशाची भीती वाटते कोण जाणे," असं पाठीमागे म्हणायचे. पेनिमन कानाडोळा करायचा. त्या दोघांत सॉल्ट क्रीकचं नाव पुन्हा कधी निघालं नाही. नाताळला दोघं एकत्र जेवायचे आणि पोलादाच्या भावाबद्दल बोलायचे.

शतक संपता संपता न्यूयॉर्कची मोठी मंडळी एकेक पूल कंपनी विकत घेत सुटली. पेनिमननं चांगला सौदा केला आणि सही करून आला. नव्या मालकांना कारखाना नकोच होता, त्यांना फक्त कामं हवी होती. उन्हाळ्यात यंत्रं उचकटून नेली, भट्ट्या विझल्या. पेनिमन फ्लोरिडाला राहायला गेला आणि वर्षभरात तिथंच मेला. त्याचं प्रेत गावात आणलं तेव्हा बँड होता, शाळेला सुटी होती. ज्यांच्या चुली त्यानं विझवल्या तेच लोक टोप्या काढून रस्त्याच्या कडेला उभे होते. पाद्री म्हणाला, या माणसानं माणसांना माणसांशी जोडलं.

टोबियास शेवटच्या रांगेत होता. तो मध्येच उठून बाहेर आला.

पुढच्या रविवारी तो लहानपणीच्या प्रार्थनाघरात गेला आणि प्रार्थना संपल्यावर उभा राहिला. योस्ट अजून होते, ऐंशीच्या पुढचे, कान गेलेले. टोबियासनं सगळं सांगितलं. फळी कुणी आणली, कुणी बसवली, बोल्टांना चिखल कुणी फासला. तो गुडघ्यांवर बसला तेव्हा त्याला वाटत होतं, आता छत कोसळेल. तसं काही झालं नाही. वडीलधारे आपसात दोन शब्द बोलले. पश्चात्ताप झालेल्याला क्षमा करायची, असा त्यांचा नियमच. थोरल्या धर्मोपदेशकानं हात धरून त्याला उठवलं, गालाचं चुंबन घेतलं आणि म्हणाला, "भावा, झालं गेलं संपलं." मग एकेक पुरुष येऊन हात मिळवून गेला. बाहेर घोडी खोळंबली होती. कुणाच्या तरी घरी कोंबडीचा रस्सा चुलीवर होता.

योस्टना काय झालं ते नीट ऐकू आलं नव्हतं. "टोबी परत आला वाटतं," ते म्हणाले आणि त्यांना आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी टोबियास काउंटीच्या गावी गेला. सलोमी आता त्या खानावळीच्या स्वयंपाकघराची मुख्य होती. केस पांढरे, हात कोपरापर्यंत लाल. ती मोठ्या पातेल्यात सफरचंदं ढवळत होती. त्याला बघून ती थांबली नाही.

"बोला."

तो बोलला. प्रार्थनाघरात उभं राहून कबूल केलं, तेही सांगितलं.

"मग?"

"त्यांनी क्षमा केली."

सलोमीनं पळी बाजूला ठेवली. "त्यांनी? त्यांचं काय गेलं होतं, भावजी? माझ्या पोरींना शाळेत 'खुन्याच्या मुली' म्हणायचे. धाकटी बोलायची बंद झाली, दोन वर्षं. तेव्हा त्यांच्यातलं कोण आलं होतं? आणि आता तुमचे गाल चाटून मोकळे झाले?"

"मी तुमच्याकडेही त्यासाठीच—"

"मिळायची नाही." तिनं पळी पुन्हा उचलली. "माझ्याकडे नाही ती. असती तर फेकून दिली असती तुमच्या अंगावर, म्हणजे एकदाचे गेला असतात."

टोबियास टोपी हातात धरून उभा राहिला. जावं की थांबावं, त्याला कळेना. तिनं पातेल्याच्या तळाशी लागलेलं खरवडलं. मग म्हणाली, "हर्मन क्रूगरला सांगितलंत?"

"नाही."

"त्याला सांगा. माझ्यादेखत. मला ऐकायचंय."

दोघं आगगाडीनं मिलर्सफर्डला गेली आणि तिथून पायी. हर्मन क्रूगर खळ्यात मक्याची कणसं सोलत बसला होता. सलोमीला बघून त्यानं तोंड फिरवलं. टोबियासनं तिसऱ्यांदा सगळं सांगितलं. या वेळी त्याला शब्द सापडेनात. बोल्टांना चिखल फासल्याचं सांगताना तो अडखळला, तेव्हा सलोमी म्हणाली, "तेही सांगा."

हर्मननं सोललेलं कणीस खाली टाकलं. "म्हणजे इलायसचा काही दोष नव्हता?"

"नव्हता."

"माझी आई त्याला तळतळाट देत मेली." तो सलोमीकडे न बघताच बोलत होता. "रोज. जेवायच्या आधी प्रार्थना म्हणावी तशी. मलाही म्हणायला लावायची. आता हे मी कुणाला सांगू? तिला कुठं जाऊन सांगू?"

हर्मन उठला. टोबियासला वाटलं, आता मारणार, आणि त्यानं अंग चोरलंही नाही. पण हर्मन त्याच्या बाजूनं निघून सलोमीसमोर जाऊन उभा राहिला. त्याचे ओठ हलले. मग तो घरात गेला आणि त्यानं आतून कडी लावली.

"झालं," सलोमी म्हणाली.

स्टेशनवर तिची गाडी यायला अवकाश होता. टोबियासनं बाकावरची धूळ हातानं झटकली. ती बसली नाही.

"मी वर्तमानपत्रात देतो," तो म्हणाला. "कोर्टातही जातो. कागदावर सुधारून घेतो."

"जा."

"काही उपयोग होईल?"

"मला काय विचारता? माझा शब्द तुमच्याएवढा वजनदार कधी होता?"

गाडी आली. ती चढली, खिडकीपाशी न बसता पलीकडच्या बाजूला जाऊन बसली.

टोबियास कोर्टात गेला. कॉरोनर कधीच वारला होता आणि कारकुनानं सांगितलं, की बंद झालेली चौकशी पुन्हा उघडत नाहीत, त्यातून कंपनीही आता नाही. वर्तमानपत्राच्या संपादकानं ऐकून घेतलं आणि काहीच छापलं नाही. त्याच आठवड्यात पेनिमनच्या नावानं गावात वाचनालय काढायचं ठरत होतं आणि संपादक त्या समितीवर होता.

टोबियास पुढे नऊ-दहा वर्षं जगला, पिठाच्या गिरणीत पोती मोजायचं काम करत, गिरणीच्या माडीवरच्या खोलीत. दर रविवारी प्रार्थनाघरात जायचा. तिथं त्याला सगळे प्रेमानं वागवत, जेवायला बोलावत. त्याला ते सहन होत नसे, पण नाही म्हणायचं बळही नव्हतं. सलोमीच्या थोरल्या मुलीचं लग्न झालं, त्याला बोलावणं आलं नाही. तो त्या दिवशी काउंटीच्या गावी गेला होता. खानावळीच्या समोरच्या फुटपाथवर बराच वेळ उभा राहिला. आत वाजंत्री चालली होती, दार उघडलं की भाजलेल्या मांसाचा वास येत होता. एकदा सलोमीच दारात आली, राख टाकायला. तिनं त्याला पाहिलं, राख टाकली आणि दार लावून घेतलं.